चार नंबरला हाक

१

शेडमध्ये कॉफी उकळून काळी झाली होती आणि म्हातारे अजून ऐकायला तयार नव्हते.

"शिकारीची ठाणी सात, बसणारे सहा," पिहला नकाशावर बोट आपटत म्हणाली. "चार नंबर तेहतीस वर्षं रिकामा. तरी हजेरीत चारचा पुकारा, वाटपात चारचा वाटा. सांगा ना कुणीतरी, हे कुठलं गणित?"

"विद्यापीठात शिकवलं नाही वाटतं," काउकोकाका म्हणाला. तो रेमूच्या, म्हणजे आपल्या कुत्र्याच्या, गळ्यात पट्टा अडकवत होता. "रेमू, ऐक नीट. मॅडम बोलतायत."

पिहला चोवीस वर्षांची. वनशास्त्राची पदवी घेऊन योएन्सूहून गावी परतलेली. जंगल सरकारी, मूस हरणांचा परवाना गावच्या शिकारी टोळीचा, आणि या मोसमापासून त्या परवान्यावर शिकारप्रमुख म्हणून तिचं नाव. हाकाऱ्यात कोण कुठल्या ठाण्यावर बसेल, कुणी कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही, सगळी माणसं जंगलाबाहेर आली की नाही, हे सगळं तिच्या डोक्यावर. त्याआधी चाळीस वर्षं ते ताइस्तोमामाच्या डोक्यावर होतं. कंबर साथ देईना तेव्हा मामानं ते स्वतःहून खाली ठेवलं. खाली ठेवलं खरं, पण नजर काढली नाही.

चार नंबरची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. टार्मो नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात त्या ठाण्यावर बसला आणि परत आला नाही. दलदलीवर धुकं उतरलं होतं. पोलीस, सैनिक, कुत्री, सगळ्यांनी दोन आठवडे शोधलं. टोपीसुद्धा मिळाली नाही. तेव्हापासून मामा हजेरी घेताना 'चार' म्हणायचा, दोन श्वास थांबायचा, मग 'पाच' म्हणायचा. मांस वाटताना एक वाटा जास्तीचा काढून टार्मोच्या आईला, हेल्वीला, नेऊन द्यायचा. हेल्वी मार्चमध्ये गेली.

"आता वाटा तरी कुणाला?" पिहला म्हणाली. "जिवंत माणसांची हजेरी नीट घेऊ या, एवढंच म्हणतेय. चार नंबर बंद. जुना पाच तो आता चार, सहा तो पाच, सात तो सहा. ठाणी सहा, माणसं सहा, काउकोकाका कुत्र्याबरोबर. संपलं."

टोळीतल्या राइलीमावशीनं काडेपेटी उगाच उघडली आणि मिटली. मामा भाजलेल्या चीजचा तुकडा कॉफीत बुडवत बसला होता. तो तुकडा मऊ होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

"पाट्या लावल्यास?"

"लावल्या. तिन्ही नव्या. रविवारी जाऊन स्वतः ठोकल्यात. आज तू चारवर आहेस, मामा. म्हणजे जुना..."

"चार," मामा म्हणाला. "कळलं."

तो उठला आणि थर्मास घेऊन बाहेर गेला.

२

सव्वाआठला पिहला आपल्या तीन नंबरच्या ठाण्यावर चढली. लाकडी चौथरा, बसायला फळी, समोर दलदल. शेवाळावर थंडीनं पांढरी साय धरली होती. दलदलीच्या पलीकडचे पाइन अर्धेच दिसत होते; वरचा भाग धुक्यात.

तिनं वॉकीटॉकीच्या वायरची बोंडी कानात बसवली आणि बटण दाबलं.

"हजेरी. एक?"

"एक हजर," राइलीमावशी. "ढुंगण गोठलं, बाकी बरं आहे."

"दोन?"

"दोन आहे," योर्मा.

"तीन मी. चार?"

खट्-खट्.

जनावर जवळ असलं की तोंड उघडायचं नसतं. तेव्हा बटण दोनदा दाबायचं: आहे, बोलू शकत नाही. एवढाच त्याचा अर्थ. पण अजून कुत्रा सोडलेला नव्हता. मामाजवळ एवढ्यात जनावर कुठून येणार? आणि मामा हजेरीला कधी खटखट करायचा नाही. तो खाकरून 'आहे' म्हणायचा, दार लावून घेतल्यासारखं.

रुसलाय, पिहलाच्या मनात आलं. सत्तरी ओलांडली तरी रुसवा पोरासारखा. बोलायचं नाही म्हणून बटण दाबतोय.

"पाच?"

"पाच हजर," एस्को.

"सहा?"

"सहा," एस्कोचा भाऊ वेसा. "मॅडम, सुपातले बटाटे सोललेत ना?"

पिहलानं वहीत सहा खुणा केल्या. चौथी खूण करताना पेन्सिलीचं टोक मोडलं. थंडीत मोडतंच.

३

रेमू साडेदहाला भुंकायला लागला. आधी लांबून, सुटा सुटा, मग एकसारखा. जनावर उठलं होतं. फोनच्या नकाशावर कुत्र्याचा ठिपका दलदलीच्या कडेनं सरकत होता. टोळीतल्या सगळ्यांचे ठिपके होते, एक मामा सोडून. मामाकडे जुना बटणांचा फोन होता, शिकारीला तो घरीच ठेवायचा, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

फांद्या मोडल्याचा आवाज आला. मग धुक्यातून नर बाहेर पडला.

एवढा मोठा नर पिहलानं आतापर्यंत चित्रातच पाहिला होता. शिंगांवर शेवाळाचे लोंबते धागे, नाकातून वाफ. तिच्या उजवीकडे, नव्वद पावलांवर, एका बुंध्याशी तो आडवा थांबला. एका मोठ्या जनावराचा परवाना शिल्लक होता. तिनं रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीतली रेघ नराच्या खांद्याच्या मागे टेकली. श्वास अर्धा सोडला.

मागे काय आहे, हे आधी बघायचं. पहिल्या दिवशी मामानंच शिकवलं होतं: गोळी जनावरापाशी थांबत नाही, पोरी. मागे स्प्रूसची गर्दी आणि धुकं. त्या बाजूला नवा चार नंबर चांगला पाचशे पावलांवर, तोही उंचवट्याच्या आड. मधे बंद केलेला जुना चार. मधे कुणी नाही. तिनंच तो नकाशावरून पुसला होता.

तिचं बोट चापावर गेलं.

खट्-खट्.

कानातच. कुणी काही विचारलं नव्हतं.

बोट निघालं. आपण का थांबलो, हे तिला सांगता आलं नसतं. नरानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, घाई न करता, आणि चार ढांगांत तो धुक्यात गेला.

"पिहला?" योर्माचा आवाज आला. "तुझ्याकडेच आला ना तो? बार नाही ऐकू आला."

"मागे धुकं होतं. खात्री नव्हती."

"धुक्याला लागली असती गोळी, तर आम्ही धुकंच सोललं असतं," वेसा म्हणाला, आणि कुणीतरी हसलं.

"कुणी बटण दाबलं आत्ता?" पिहलानं विचारलं.

कुणीच नाही. सरकारी जंगल आहे, तिनं स्वतःला समजावलं. अस्वलवाले असतील, पक्षीवाले असतील, दुसरी एखादी टोळी याच चॅनलवर असेल. तिनं बोट हातमोज्यात घातलं. थंडीच होती तशी.

४

दीडच्या सुमारास राइलीमावशीनं एक नंबरवरून पाडस पाडलं. एक गोळी, जागच्या जागी. पाडसाची आई आधी मारायची नाही हा नियम, आणि मावशीनं पन्नास वर्षांत तो मोडला नव्हता. आई दलदल ओलांडून गेली. मावशी थोडा वेळ तिच्या दिशेनं बघत उभी राहिली. मग तिनं सुरी काढली.

धुकं आता ठाण्याच्या पायरीशी आलं होतं.

"शिकार बंद," पिहला म्हणाली. "रायफली रिकाम्या करा. हजेरी देऊन बाहेर पडा. एक?"

एक, दोन. तीन ती स्वतः.

"चार?"

खट्-खट्.

"मामा, आता तरी तोंडानं बोल."

खट्-खट्.

पिहलाचा पारा चढला. सगळे ऐकत होते. चाळीस वर्षं सगळ्यांना दमात घेणारा माणूस, आणि भाचीला एक शब्द द्यायचा तर मोजून दोन खटके! ठीक आहे. तिनं वहीत चारपुढे खूण केली, तीही जरा जोरानं, आणि पाच पुकारला.

पाडसाचं पोट काढून ते ओढत रस्त्यापर्यंत आणायला सगळे हात लागले. एस्को, वेसा, योर्मा, काउको. चार नंबरहून शेडकडे थेट जाणारी एक वेगळी वाट होती, त्यामुळे मामा दिसला नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. हजेरी तर झाली होती.

५

शेडमध्ये सूप वाढताना वाडगे सात निघाले आणि बसलेली माणसं सहा.

"मामा कुठंय?" पिहलानं विचारलं.

"तुझ्याबरोबर नाही आला?" काउकोकाका म्हणाला. "सकाळी माझ्या गाडीतून आला होता. मला वाटलं, एस्कोबरोबर निघाला."

"मी येताना चारवर डोकावलो," एस्को चमचा खाली ठेवत म्हणाला. "कुणी नव्हतं. फळीवर बसल्याची खूणही नव्हती. म्हटलं, पिहलानं दुसरीकडे बसवला असेल."

पिहला उठून उभी राहिली ती वॉकीटॉकी घेण्यासाठी. कोपऱ्यात फळीवर चार्जर होते, सात, ओळीनं. आदल्या संध्याकाळी तिनंच नव्या आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवून सगळे संच तिथे लावले होते. सकाळी ज्यानं त्यानं आपापला उचलला होता.

सहा खाचा रिकाम्या होत्या. सातवीत एक संच उभा होता. हिरवा दिवा. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात आकडा: ४.

तिनं तो उचलला. बंद होता. सकाळपासून बंद होता.

"मग दोनदा..." योर्मा म्हणाला.

सुपाची वाफ वर जात होती. राइलीमावशीनं हळूच विचारलं, "पिहला, बाळा, जुन्या चारची पाटी काढलीस का गं?"

पिहलाला रविवार आठवला. पिशवीत तीन नव्या पाट्या. जुन्या पाचवर चार ठोकली, सहावर पाच, सातवर सहा. जुन्या चारकडे ती गेलीच नव्हती. बंद केलेल्या ठाण्यावर कशाला जायचं?

जंगलात चारच्या दोन पाट्या होत्या. आणि ती 'म्हणजे जुना...' एवढंच बोलली असताना मामानं तिला तोडून 'चार' म्हटलं होतं.

नव्वद पावलांवरचा तो बुंधा तिला दिसला. त्याच्यामागचं धुकं दिसलं. तिनं टेबलाची कड धरली.

"एस्को, आपत्कालीन नंबरला फोन लाव," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तुम्ही नव्या चारकडून उलटे या. मी तीनकडून जाते. कुणीही एकमेकांना दिसेनासं व्हायचं नाही."

हे शेवटचं वाक्य कुणालाच पाळता येणार नव्हतं.

६

उजेड होता, पण तो कुठून येत होता ते कळत नव्हतं. पिहला आपल्या ठाण्यापासून दलदलीच्या कडेनं निघाली. पाच झाडं दिसायची, सहावं नाही. "मामा!" ती ओरडली. आवाज तोंडापुढेच पडला, ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा.

खिशात मामाचा बंद संच होता. हातात स्वतःचा. ती थांबली. हे करू नये असं तिला फार वाटलं. तिनं बटण दाबलं.

"चार?"

खट्-खट्. मागे खरखर, लांबून आल्यासारखी.

दुसरी टोळी, ती पुटपुटली. दुसरी टोळी याच चॅनलवर. मग ती उजवीकडे वीस पावलं गेली आणि पुन्हा म्हणाली, "चार?"

खरखर वाढली. चूक दिशा. ती डावीकडे वळली, दलदलीला लागून. "चार?"

खट्-खट्. आता जरा स्वच्छ.

ती पुकारत गेली. तिनं विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. खरखर विरत गेली तशी खटक्यांमागे जागा ऐकू यायला लागली: पाणी ठिबकतंय, कुणीतरी नाकानं श्वास घेतंय. तरी ती पुकारत राहिली, कारण थांबली असती तर काहीच ऐकू आलं नसतं, आणि ते जास्त वाईट होतं.

शेवटचे खटके बोंडीतून आले नाहीत. समोरून आले. बोटाच्या अंतरावरून यावेत तसे.

समोर जुनं ठाणं होतं. कुजलेली पायरी मधोमध मोडलेली. खांबावर गंजकी पाटी: ४. आणि खाली, एका आडव्या ओंडक्याला टेकून, ताइस्तोमामा. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. ओठ निळे. डोळे उघडे.

"उशीर केलास," तो म्हणाला.

पिहला गुडघ्यांवर पडली. तिनं जाकीट काढून त्याच्याभोवती गुंडाळलं, त्याचे हात स्वतःच्या काखेत धरले. शिव्या देत होती की रडत होती, तिला कळत नव्हतं. "मूर्ख म्हातारा. ओरडायचं नाही का? ओरडायचं!"

"सकाळीच पडलो. ओरडलो की. तुझ्या कानात ते बोंडूक." तो थांबून थांबून बोलत होता. "झोप यायची. झोपलो असतो तर संपलंच होतं. झोप आली, की तो बटण दाबायचा."

"कोण?"

ओंडक्यावर पांढरी साय धरली होती, सगळीकडे सारखी. मामाची पाठ टेकली होती तिथे ती वितळून काळं लाकूड दिसत होतं. आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, तेवढंच रुंद, अजून एक काळं लाकूड होतं. पिहलानं तिथे हात ठेवला नाही.

"त्या दिवशी मी चार पुकारला," मामा म्हणाला. "दोनदा खट् झालं. मी खूण केली. मग सगळ्यांना घेऊन सूप प्यायला गेलो, पोरी. सूप प्यायला. त्याच्यानंतर दर वर्षी थांबायचो. दोन श्वास. ऐकू काही यायचं नाही, पण थांबायचो. तू आज थांबली नाहीस ना..."

"मामा, बोलू नकोस. ते येतायत."

पलीकडून रेमूचा आवाज येत होता, काउकोकाकाच्या हाका. पिहलानं उत्तर द्यायला मान वर केली.

पंधरा-वीस पावलांवर कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. तिला वाटलं एस्को. पण एस्कोची टोपी केशरी, सगळ्यांची केशरी. ही लाल होती, जुनी, लोकरीची, एका बाजूनं उसवलेली. मांस वाटताना नावं पुकारणारा पाठ करून उभा राहतो तसा तो उभा होता: हात खाली, मान ताठ, कुणीतरी काहीतरी विचारेल याची वाट बघत.

रेमू आला आणि मधेच थांबला. भुंकला नाही. पोट जमिनीला टेकवून तो मामापाशी सरपटत आला. पिहलानं पुन्हा पाहिलं तेव्हा तिथे धुकं होतं आणि झाडं होती, पाच.

७

मांस आठवडाभर टांगून मुरलं की वाटतात. शनिवारी सकाळी शेडमधल्या लांब टेबलावर पिहलानं स्वतः ढीग लावले. सात माणसं, सात ढीग. मामा कायानीच्या इस्पितळात होता, कंबरेत लोखंड घालून, नर्सांना दमात घेत. पण त्याचा वाटा होताच. तिनं ढीग दोनदा मोजले. मग आठव्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. आता तो न्यायचा तरी कुठं? हेल्वीच्या घराला कुलूप होतं.

वाटपाची रीत साधी आहे. शिकारप्रमुखानं टेबलाकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर सुरी टेकवायची आणि विचारायचं, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून कुणाला तक्रार करता येत नाही. सगळी नावं होईपर्यंत वळायचं नाही.

पिहला दाराकडे तोंड करून उभी राहिली. दार उघडं होतं. बाहेर पहिला बारीक बर्फ पडत होता.

"हा कुणाचा?" राइलीमावशीनं विचारलं.

"वेसाचा."

"अरे वा, हाडं सगळी मलाच," वेसा म्हणाला.

"हा कुणाचा?"

"काउकोकाकाचा."

"त्यातलं अर्धं रेमूचं," काउकोकाका म्हणाला.

एस्कोचा. योर्माचा. राइलीमावशीचा. मामाचा. तिचा स्वतःचा. सात नावं झाली.

"संपले," मावशी म्हणाली. "वळ, बाळा."

पिहला वळणार तेवढ्यात मागून, अगदी खांद्याजवळून, कुणीतरी विचारलं, "हा कुणाचा?"

आवाज मावशीचा नव्हता. तरुण होता, तिच्या वयाचा. दातांवर दात आपटत होते त्यात. मानेला थंडी लागली, कुणी ओला हात धरल्यासारखी.

ती वळली नाही. तिच्या मनात आलं, आपण गप्प राहिलो तर हे इथेच संपेल. ढीग सात आहेत, आपण दोनदा मोजलेत. हजेरी जिवंत माणसांची. हे सगळं तिनंच ठरवलं होतं.

"टार्मोचा," ती म्हणाली.

मागे राइलीमावशीनं सुरी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"टार्मोचा," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, दारातल्या बर्फाकडे बघत. "चार नंबर. हजेरी अजून संपलेली नाही. कुणीही गेलेलं नाही. सगळे इथेच आहोत."

तिनं दोन श्वास मोजले.

कोपऱ्यातल्या फळीवर सात संच होते, सगळे बंद. त्यांतल्या एकात दोनदा खट् झालं.

ती वळली. टेबलावर ढीग सातच होते. राइलीमावशीनं सुरी उचलली, आपल्या ढिगातला एक तुकडा कापला आणि मामाच्या आणि पिहलाच्या ढिगांमधल्या रिकाम्या जागी ठेवला. मग योर्मानं ठेवला. वेसानं चांगला मांसल तुकडा निवडला आणि या वेळी काही बोलला नाही. पिहलानं सगळ्यात शेवटी ठेवला.

आठ ढीग झाले. सगळे बाकांवर बसले, कॉफी ओतली गेली. बर्फ उंबऱ्याच्या आत येऊन फरशीवर वितळत होता. शेड गार पडत चालली, तरी दार लावायला कुणी उठलं नाही.